अकरावीच्या उंबरठ्यावर : टक्के की तयारी?

जून महिना आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात दुहेरी लगबगीचा असतो. बांधीत धानाचे पऱ्हे टाकायचे असतात आणि घरात दहावी झालेले मूल असेल तर त्याला अकरावीला कोणत्या शाखेत, कोणत्या विषयांना घालायचे, हे ठरवायचे असते. पऱ्ह्यांच्या बाबतीत बापाचा अंदाज सहसा चुकत नाही. जमीन कोणती, पाणी किती, वाण हलके घ्यावे की भारी, हे त्याने जन्मभर पाहिलेले असते. मुलाच्या विषयांच्या बाबतीत मात्र हाच माणूस गोंधळून जातो आणि शेजारच्याच्या मुलाने जे घेतले तेच आपल्या मुलाला घेऊन टाकतो.

मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे गणित शिकवले. निवृत्त झालो तरी जूनमध्ये घराच्या पडवीत माणसे येतात. कोणी घुग्घुसच्या कोळसा खाणीतले कामगार असतात, कोणी मुलचेऱ्याकडचे बंगाली शेतकरी, कोणी धानोऱ्याच्या आतल्या गावातून दोन बसेस बदलून आलेले. प्रश्न साधारण दोनच असतात. पहिला, "सर, पोरीले बायोलॉजी देऊ का मॅथ? का दोनी घेऊन टाकू?" आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात विचारलेला, "कोन्त्या विषयात जास्त मार्क भेटते जी?"

या दुसऱ्या प्रश्नाला हसणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्या घरात बारावीची गुणपत्रिका हाच पहिला मोठा कागद आहे, त्या घराला त्या कागदावरचा आकडा मोठा असावा असे वाटणारच. अवघड विषय घेऊन साठ टक्के मिळवावेत की सोपे विषय घेऊन ऐंशी, हा प्रश्न खराच आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. पण तो प्रश्न नीट मांडता आला तर उत्तर पुष्कळसे जवळ येते, असा माझा अनुभव आहे. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

दोन सल्ले, दोन्ही अर्धे

प्रथम विषयांची मांडणी पाहू. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. त्यांच्या जोडीला गणित घेतले तर तो 'ए ग्रुप', जीवशास्त्र घेतले तर 'बी ग्रुप' आणि दोन्ही घेतले तर 'एबी ग्रुप', अशी कॉलेजातली बोलीभाषा आहे. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडले तर त्या जागी भूगोलासारखा विषय घेता येतो. काही ठिकाणी 'बायफोकल' म्हणजे द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचे विषय असतात. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स, फिशरी असा एखादा दोनशे गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेण्याचीही सोय आहे.

या मांडणीत गावोगावी दोन सल्ले फिरत असतात. पहिला सल्ला 'सगळेच घ्या' असा. एबी ग्रुप घेतला की डॉक्टरचीही वाट उघडी आणि इंजिनीअरचीही, मग कशाला सोडायचे? दुसरा सल्ला 'स्कोअरिंग घ्या' असा. गणित टाळा, द्विलक्ष्यी घ्या, आयटी घ्या, टक्केवारी फुगवा. पहिल्यात मुलाच्या ताकदीचा विचार नाही आणि दुसऱ्यात मुलाच्या पुढच्या वाटेचा विचार नाही.

'स्कोअरिंग' म्हणून जे विषय बदनाम झाले आहेत, त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायला हवा. फिशरी हा विषय शहरातली मुले बहुधा गुणांसाठी घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आमच्या भागात मात्र गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. त्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा ढिवर समाज आहे आणि नागपुरात मत्स्यविज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. ढिवराच्या मुलाने फिशरी घेतली तर ती पळवाट ठरत नाही. तीच फिशरी केवळ गणिताला घाबरून घेतली तर मात्र ती पळवाटच. विषय सोपा की अवघड यापेक्षा तो कशासाठी घेतला, हे महत्त्वाचे.

अर्धा तराजू एकाच विषयाचा

एबी ग्रुपचा मोह का आवरावा, हे मी पालकांना आकड्यांनी समजावतो. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी जी 'नीट' परीक्षा होते, ती ७२० गुणांची. त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. अभियांत्रिकीसाठी राज्याची जी सीईटी होते, तिच्या पीसीएम गटात २०० गुण असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा प्रत्येक प्रश्न एका गुणाचा, तर गणिताचा दोन गुणांचा. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. दोन्ही परीक्षांत तराजूचे एक अख्खे पारडे एकाच विषयाचे आहे. आता जे मूल दोन्ही विषय घेते, त्याला दोन वर्षे आपला वेळ अशा दोन विषयांत वाटावा लागतो, ज्यांतला प्रत्येक विषय पूर्ण वेळ मागतो. नीटला बसताना गणितावर घालवलेले तास उपयोगी पडत नाहीत. सीईटीला बसताना बेडकाची पचनसंस्था आठवून काही उपयोग नाही.

अर्थात काही मुले दोन्ही पेलतात. त्यांना वर्गात ओळखता येते. त्यांची दहावीची टक्केवारी मोठी असतेच असे नाही. त्यांचा वेग मोठा असतो आणि एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना ती दमत नाहीत. अशी मुले दर वर्षी वर्गात दोन-चारच निघतात. बाकीच्यांच्या बाबतीत 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

बल्लारपूरकडचा एक मुलगा मला आठवतो. दहावीला ९१ टक्के. घरच्यांनी एबी ग्रुप घेतला, शिवाय नागपूरला शनिवार-रविवारचा क्लास. मुलगा हुशार होता आणि गणितात त्याचे डोके खरोखर चाले. पण जीवशास्त्राच्या आकृत्या, प्रयोगवह्या आणि पाठांतर यांत त्याची संध्याकाळ संपायची. बारावीला त्याला ६८ टक्के पडले. जेईई मेनमध्ये मात्र त्याने चांगली मजल मारली होती. तिथे त्याला नियम कळला : नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थांत प्रवेशासाठी खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला बारावीला ७५ टक्के हवेत किंवा तो आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी हीच अट ६५ टक्क्यांची आहे. तो खुल्या गटातला होता. जीवशास्त्राऐवजी एखादा हलका विषय घेतला असता तर तो ती रेषा ओलांडून गेला असता, असे त्याच्या वडिलांना वाटते आणि मलाही वाटते. पुढे राज्याच्या सीईटीतून त्याला प्रवेश मिळाला आणि त्याचे बरे चालले आहे, म्हणून ही काही शोकांतिका नाही. पण ज्या विषयाचा त्याला उपयोग नव्हता आणि ज्याची हौसही नव्हती, त्या विषयाने त्याची सर्वांत मोठी संधी नेली. इथे सोपा विषय घेणे हेच शहाणपण होते.

अवघडपणा नेमका कशात असतो?

आता दुसरी बाजू. पुस्तकातला विषय जितका अवघड असतो, त्यापेक्षा आमच्या भागात त्याचा अवघडपणा दोन बाहेरच्या गोष्टींमुळे वाढतो. एक, भाषा. दुसरी, शिकवणारा.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाने झाकलेला आहे. भामरागड-एटापल्लीकडे घरात माडिया बोलली जाते, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि इतरत्र झाडीबोली. मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी शाळेत शिकायची भाषा असते. दहा वर्षांत ते या भाषेत स्थिरावते, आणि अकरावी विज्ञानाला गेले की सगळे विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू होते. काल जे 'अपवर्तन' होते ते आज 'रिफ्रॅक्शन' झाले, 'संयुजा' होती ती 'व्हॅलन्सी' झाली. मुलाला वाटते, आपल्याला विज्ञानच येत नाही. प्रत्यक्षात त्याला विज्ञान येत असते, फक्त त्याचे नाव ओळखू येत नसते.

एटापल्ली तालुक्यातून आलेली एक मुलगी आमच्याकडे शिकली. आश्रमशाळेतून दहावी, ७९ टक्के, राहायला आदिवासी मुलींचे शासकीय वसतिगृह. तिला आजाऱ्यांच्या कामात पडायचे होते. गावात बाळंतपणात दगावलेली बाई तिच्या नात्यातली होती. सगळ्यांनी तिला कला शाखा सुचवली. "आर्टला जा, ऐंशी टक्के घे, मग पाहू." तिने हट्टाने बी ग्रुप घेतला आणि गणिताच्या जागी भूगोल. अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात तिला २५ पैकी ९ गुण पडले. त्या आठवड्यात ती शाखा बदलण्याचा अर्ज लिहून माझ्याकडे घेऊन आली.

मी गणिताचा मास्तर, तिच्या वर्गावर नव्हतो. तिची उत्तरपत्रिका मात्र पाहिली. जे सोडवायला आकडे दिले होते, ते तिने बरोबर सोडवले होते. जिथे वाक्याने विचारले होते, तिथे कोरे. मी एवढेच म्हटले की अर्ज दिवाळीपर्यंत तुझ्याजवळच ठेव. वसतिगृहातल्या थोरल्या मुलींनी तिला तीन रकान्यांची वही करायला लावली. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तिच्या माडियात त्याचा अर्थ. रोज पंधरा शब्द. दिवाळीनंतर तिने अर्ज फाडला.

बारावीला तिला ६४ टक्के मिळाले. तिच्याच गावच्या, कला शाखेला गेलेल्या मैत्रिणीला ८१. गावात त्या वर्षी हार मैत्रिणीच्या गळ्यात पडला आणि ते योग्यच होते. तिनेही कष्टच केले होते. माझ्या विद्यार्थिनीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत. पण जीवशास्त्र होते म्हणून बी.एस्सी. नर्सिंगला जाता आले. आज ती ग्रामीण रुग्णालयात आहे आणि माडिया बोलणाऱ्या बाया तिलाच शोधत येतात. ८१ टक्क्यांनी ही वाट उघडली नसती, कारण त्या वाटेवर टक्क्यांआधी विषय पाहिला जातो.

या गोष्टीवरून सगळ्यांनी विज्ञानच घ्यावे असा अर्थ कोणी काढू नये. वनरक्षकाच्या भरतीचेच पाहा. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा, अशी अट त्या भरतीत राहिली आहे. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना त्यात दहावीची सवलत आहे. कला शाखेत भूगोल-अर्थशास्त्र घेतलेली आणि आज खाकी गणवेशात जंगल राखणारी माझी मुले आहेत. त्यांच्यासारख्याच कला शाखेच्या दुसऱ्या काही मुलांनी भूगोल नकाशांना घाबरून सोडला आणि जाहिरात आली तेव्हा ती कागदावरच बाद झाली. शाखा एकच, पण एका विषयाने फरक पडला.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. दूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत गणित आणि भौतिकशास्त्राच्या जागा कधी रिकाम्या असतात, कधी तासिका तत्त्वावर कोणी येते आणि जानेवारीत सोडून जाते. ज्या कॉलेजात गणिताला माणूसच नाही, तिथे गणित हा विषय पुस्तकात असतो त्याच्या दुप्पट अवघड होतो. म्हणून पालकांना माझा आग्रह असतो की प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन फीबरोबर तीन गोष्टी विचारा : गणिताला, भौतिकशास्त्राला, जीवशास्त्राला कोण शिकवते? मागच्या वर्षी तेच होते का? प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्यामुळे कॉलेज न पाहताच पसंतीक्रम भरण्याची सोय झाली आहे. या सोयीचा मोह आवरावा.

प्रयोगशाळेचे कुलूप मी मुद्दाम म्हटले. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. हे तीस गुण 'हातातले' आहेत, असा समज पसरलेला आहे. नाव एका खेड्यातल्या कॉलेजात आणि मूल मोठ्या शहरातल्या क्लासमध्ये, असा कारभारही त्या समजावर चालतो. गुण पडतात, पण ज्याने कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही, ते मूल पुढे पहिल्याच वर्षी अडखळते. फुगवलेले गुण दारापर्यंत नेऊन सोडतात, आत गेल्यावर त्यांचा आधार नसतो.

आकड्यांची महागाई

टक्क्यांवर इतका जीव टाकण्याआधी टक्के म्हणजे काय, हेही एकदा पाहावे. मार्च २०१८मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्या एका वर्षात राज्यातल्या मुलांची बुद्धी अचानक घटली होती काय? पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्याआधी २०१०पासून सहा विषयांऐवजी सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर टक्केवारी काढण्याची पद्धत आली, तेव्हाही आकडे असेच वर सरकले होते. दहावीला 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय काही वर्षे होता. तो २०१८-१९पासून बंद झाला. मुले तीच, शिक्षक तेच. मोजण्याची पायली तेवढी बदलली.

पायली वारंवार बदलू लागली की व्यापारी आपले माप घेऊन येतो. तेच प्रवेशांत झाले. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातल्या काही महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांची पहिली यादी चक्क १०० टक्क्यांवर थांबली होती. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही वेगळी परीक्षाच आली. आपल्याकडे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश एकेकाळी बारावीच्या गुणांवर होत. आज बारावीचे गुण तिथे फक्त पात्रतेपुरते. अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी संबंधित विषयांत ४५ टक्के, एमबीबीएसला ५० टक्के, राखीव गटांना ४०. त्यापुढची सगळी चढण प्रवेश परीक्षेची आहे.

अवघड विषय घेणाऱ्याला समाजाने काही जास्तीचे द्यावे की नाही, हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. आयर्लंड या चिमुकल्या देशात शाळा सोडतानाची परीक्षा एकाच विषयाची सोपी किंवा वरची पातळी निवडून देता येते. गणिताची वरची पातळी मुले टाळू लागली, तेव्हा २०१२पासून ती उत्तीर्ण होणाऱ्याला कॉलेज प्रवेशात २५ गुण जादा देण्याची पद्धत सुरू झाली. वरची पातळी घेणाऱ्यांचे प्रमाण त्याआधी सुमारे १६ टक्के होते, ते काही वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. पण मग तक्रारही आली की ज्यांना झेपत नाही तीही मुले त्या २५ गुणांसाठी गणितालाच चिकटून बसतात आणि बाकीच्या विषयांचा वेळ खातात. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे अर्जात गुणांबरोबर विद्यार्थ्याने आपल्या शाळेत असलेल्यांपैकी किती कठीण विषय घेतले, हेही पाहतात. आपल्या गुणपत्रिकेत अशी सोय नाही. गणिताचे साठ आणि दुसऱ्या कशाचे साठ बेरजेत सारखेच. त्यामुळे अवघडपणाचा हिशेब आपल्यालाच, आपल्या घरात बसून करावा लागतो.

दारे मोजून घ्या

तो हिशेब कसा करावा? मी पालकांना एक कोरा कागद घ्यायला सांगतो आणि त्यावर मुलाला जावेसे वाटते अशी तीन-चार दारे लिहायला लावतो. मग प्रत्येक दारासमोर लिहायचे की तिथे काय पाहतात : विषय, टक्के की परीक्षा.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर मिळतो. त्यासाठी अकरावी-बारावीची गरजच नाही. सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना यांमुळे आमच्याकडे या दाराची चौकशी वाढली आहे. डी.फार्म.ला बारावीचे टक्के लागतात, गणित किंवा जीवशास्त्र कोणतेही एक चालते. बी.फार्म. आणि कृषी पदवीलाही दोन्ही गटांची मुले जाऊ शकतात. डॉक्टर, दंतवैद्य, आयुर्वेद, पशुवैद्यक, बी.एस्सी. नर्सिंग यांना जीवशास्त्र हवेच. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राला गणित हवे. एनडीएत नौदल आणि हवाई दलाकडे जायचे तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, भूदलाला कोणतीही शाखा चालते.

आणि ही दारे आता पूर्वीइतकी दूर नाहीत. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ला आले. गडचिरोलीला २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, त्याआधी आमच्या पदव्यांवर नागपूरचा शिक्का असे. २०२४मध्ये गडचिरोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. भामरागडजवळ हेमलकसाला लोक बिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथले मूल डॉक्टर होईल असे कोणाला वाटले असेल? तिथून शिकलेली मुले डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली. दार जवळ आले की त्याची किल्ली कोणती, हे माहीत असणे जास्तच गरजेचे होते.

कागदावर दारे लिहून झाली की एक नियम लावायचा : आवडीच्या दाराला जो विषय लागतो, तो अवघड असला तरी सोडायचा नाही आणि ज्या विषयाला कोणतेच दार नाही आणि ज्याची हौसही नाही, तो प्रतिष्ठेसाठी घ्यायचा नाही. मग उरलेल्या जागेत खुशाल सोपा विषय घ्यावा. तिथे टक्के कमवावेत, त्यात कमीपणा नाही. बल्लारपूरच्या मुलाला सोपा भूगोल हवा होता आणि एटापल्लीच्या मुलीला अवघड जीवशास्त्र. दोघांनाही लावायचा नियम एकच.

दोन व्यावहारिक गोष्टी आणखी. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष आहे, ही समजूत फार महाग पडते. सीईटीत सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने अकरावीचे पहिले तीन महिने शब्दांच्या वहीला द्यावेत. त्या चाचण्यांतले गुण पाहून शाखा बदलण्याची घाई करू नये. दिवाळीनंतरही वाक्य समजत असून विषय नकोसा वाटत असेल, तर मात्र हट्ट धरू नये.

शेवटी पालकांच्या भीतीबद्दल. जूनमध्ये केलेली निवड म्हणजे ब्रह्मलिखित, अशा थाटात घरोघरी ताण चढतो. ती निवड महत्त्वाची आहे, पण शेवटची नाही. बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय स्वतंत्रपणे देण्याची सोय मंडळात आहे, फॉर्मवर तिला 'आयसोलेटेड' म्हणतात. बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र देणाऱ्यांना नीटची वाट राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३मध्ये मोकळी केली. चुकलेली वाट दुरुस्त करता येते. किंमत पडते ती एका वर्षाची आणि त्या वर्षाच्या खर्चाची. ज्या घरात एका वर्षाचा खर्च म्हणजे तेंदूपत्त्याचा अख्खा हंगाम असतो, तिथे ही किंमत थोडी नाही. म्हणून दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण तो कागद मुलाबरोबर बसून भरावा. सही बापाची असते, विषय मात्र मुलाला शिकायचे असतात. "तुला काय जमते?" आणि "तुला काय करायचे आहे?" हे दोन प्रश्न शेजाऱ्याला विचारण्याआधी त्याला विचारावेत. पडवीत येणाऱ्या दहा बापांपैकी आठ जणांनी ते विचारलेले नसतात, आणि मूल मात्र दारात चपला काढून, उत्तर तयार ठेवून उभे असते.